भोपळा मुठीएवढा असतानाच उचलायची तयारी

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत भोपळ्याची पत्रं इतकी निघाली, की हा अंक त्यांनाच द्यायचं ठरवलं. नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल. पलूस तालुक्यातल्या एका कारखान्यात मी 31 वर्षं क्रेनखाली काम केलं. पट्टे बांधायचे, शिट्टी मारायची, माल उचलून जागेवर ठेवायचा, हेच काम. आता भिलवडीजवळ कृष्णाकाठी 15 गुंठ्यांत भाजीपाला करतो. त्यामुळे जड वस्तू आणि भोपळा या दोन्हींशी माझी जवळून ओळख आहे.

प्रश्न : अमेरिकेतल्या मोठ्या भोपळ्यांचं बी ऑनलाइन मागवून जूनमध्ये लावलं. एकच फळ ठेवलं होतं, ते आता प्रचंड झालंय. घेर 270 सेंटिमीटर भरला. नवरात्रात देवीसमोर ठेवायला मंडळाला द्यायचा आहे. मंडळाची पोरं म्हणतात, आम्ही आठ जण हातोहात उचलून नेतो. वजन करायला काटा नाही. काय करू?
— एक शेतकरी, आष्टा

दादा, पत्र मिळाल्यावर तुम्हाला फोन करून आणखी दोन मापं मागितली होती, ती अशासाठी. नुसत्या घेरावरून वजन कळत नाही. तीन मापं घ्यायची. पहिलं, सगळ्यात फुगीर ठिकाणी जमिनीला समांतर घेर. दुसरं, देठाकडच्या बाजूला जमिनीपासून टेप वर न्यायची, पाठीवरून फुलाकडच्या टोकाला उतरवून परत जमिनीपर्यंत आणायची. तिसरं, तसंच पण आडवं, डाव्या बाजूच्या जमिनीपासून उजव्या बाजूच्या जमिनीपर्यंत. तिन्हींची बेरीज करायची. परदेशात मोठे भोपळे लावणारे लोक याच बेरजेवरून वजन काढतात. बेरीज 500 सेंटिमीटर आली तर साधारण 65 किलो, 600 ला 110, 700 ला 170 च्या पुढे आणि 800 ला 255 च्या आसपास. बेरीज थोडी वाढली तरी वजन झपाट्याने वाढतं, हे लक्षात घ्या. तुमची मापं 270, 172 आणि 178, म्हणजे 620. भोपळा अंदाजे 120 किलोचा आहे. गराची जाडी कमी-जास्त असते, म्हणून तयारी 140 किलो धरूनच करा.

आता आठ पोरं. 120 भागिले 8 म्हणजे माणशी 15 किलो, यात काय आहे, असं त्यांना वाटणार. कागदावर ते बरोबर आहे. पण माणसं मिळून उचलतात तेव्हा ताकदीची सरळ बेरीज होत नाही. दोघं असले तर दोघांच्या बेरजेच्या दोन तृतीयांश धरायची आणि तिघांपासून पुढे निम्मी. कारण कुणी उंच असतो, कुणी बुटका, कुणाचा पाय सरीत जातो, कुणी अर्धा क्षण आधी उचलतो. त्या अर्ध्या क्षणात सगळा भार दोघांवर येतो. माणशी 25 किलो सुरक्षित धरलं तर आठ जणांचे 200, त्याचे निम्मे 100. तुमच्या भोपळ्याला ते पुरत नाहीत. 140 किलो धरले तर 12 जण लावा. सारख्या उंचीचे निवडा, आणि तेरावा नुसता हुकूम द्यायला ठेवा.

आणि हातोहात अजिबात नाही. भोपळ्याला धरायला जागाच नसते. खाली हात घातला की बोटं अडकतात, बाजूने धरला की निसटतो. मला हे घरच्या प्रसंगातून माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वी आमच्याच रानात साठ-पासष्ट किलोचा भोपळा चौघांनी असाच उचलला होता. पाऊस पडून गेलेला, काळी माती चिकट झालेली. माझ्या धाकट्या भावाचा पाय घसरला, भोपळा त्याच्या डाव्या पायावर आला आणि दोन बोटांची हाडं मोडली. कारखान्यात शिट्टी वाजल्याशिवाय मी कधी पाच किलोसुद्धा हलू दिलं नाही, आणि स्वतःच्या भावाच्या वेळी मी बांधावर उभा राहून बघत होतो. ते मला आजही लागून राहिलेलं आहे. म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

तुमच्यासाठी डोलीची पद्धत ठीक राहील. ट्रकवर टाकतात ती जाड कॅनव्हासची ताडपत्री घ्या आणि दुहेरी करा. प्लॅस्टिकचा निळा-पिवळा कागद चालणार नाही, तो एका जागी फाटला की पार फाटत जातो. दीड इंची लोखंडी पाईप, 10 फुटांचे, दोन. ताडपत्रीच्या दोन कडा त्या पाईपांवर तीन-चार वेढे गुंडाळायच्या आणि सुती दोरीने आवळायच्या. दोन्ही टोकांना पाईपांच्या मध्ये आडवी लाकडं बांधायला विसरू नका. ती नसली तर वजन पडताच दोन्ही पाईप आत ओढले जातात आणि उचलणाऱ्यांची बोटं सापडतात.

ताडपत्री खाली सरकवायची कशी, हा खरा प्रश्न. दवाखान्यात पेशंटला न उठवता चादर बदलतात ते पाहिलंय ना? तसंच. पाईप बांधण्याआधी ताडपत्रीची अर्धी गुंडाळी करून भोपळ्याला लगटून ठेवायची. तिघांनी भोपळा पलीकडच्या बाजूला हलकेच कलता करायचा, चौथ्याने ती गुंडाळी काठीने खाली ढकलायची. हात घालायचा नाही, काठीनेच. मग भोपळा या बाजूला कलता करून पलीकडून गुंडाळी उलगडून घ्यायची.

त्याच वेळी खालचा भाग नीट बघा. दाबून बघा, वास घ्या. तळ मऊ लागला, पाणी सुटलेलं दिसलं किंवा मुंग्यांची रांग आत जाताना दिसली तर तो भोपळा उचलायचाच नाही. वरून टणक दिसणारं फळ खालून कुजलेलं असलं तर अधांतरी बुडाला फुटतं आणि एका बाजूचं वजन एकदम जातं. तेव्हा दुसऱ्या बाजूची माणसं पडतात.

वेल आदल्या दिवशी कापा. देठाच्या दोन्ही बाजूंना वीतभर वेल ठेवून कापला की देठ शाबूत राहतो. देठाला धरून भोपळा ओढायचा नाही, फिरवायचाही नाही. लहान भोपळ्याला चालतं म्हणून मोठ्याला करायला गेलं की देठ उपटून येतो आणि त्या भोकातून आठवड्यात कूज सुरू होते.

आणि वाफसा येऊ द्या. दोन दिवस पाऊस नसेल असा दिवस धरा, सकाळी दव उतरल्यावर. रस्त्यापर्यंतची वाट आधी रिकाम्या हाताने चालून बघा. सरी बुजवा, उसाचं पाचट अंथरा, दर वीस पावलांवर टेकायला जुने टायर टाकून ठेवा. हुकूम तीनच : "उचल", "चल", "टेक". हे शब्द तेराव्यानेच बोलायचे. बाकी कुणी, गावातली कितीही मोठी असामी असली तरी, मध्ये बोलायचं नाही.

प्रश्न : आमच्या भोपळ्याची तुम्ही सांगता तशी बेरीज 800 येते. जेसीबीवाला म्हणतो, बकेटमध्ये ढकलून नेतो, पाच मिनिटांचं काम. चालेल का?
— एक वाचक, विटा

नाही. अडीचशे किलोचा भोपळा ढकलताना सालीला बकेटचे दात लागतात. नाही लागले तरी तो पुढे गडगडून पत्र्यावर आपटतो आणि आतून तडकतो. तडा कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. पण जेसीबी आलाच असेल तर त्याचा वर उचलायला उपयोग होईल. भोपळा मात्र पट्ट्यांत असला पाहिजे.

परदेशात या कामासाठी आठ पट्ट्यांचा साज वापरतात. तो आपल्याकडेही करता येतो. एक मजबूत लोखंडी कडं घ्यायचं आणि त्यात नायलॉनचे किंवा पॉलिस्टरचे आठ रुंद पट्टे अडकवायचे. कडं भोपळ्याच्या माथ्यावर येतं, पट्टे छत्रीच्या काड्यांसारखे चहूबाजूंनी खाली उतरतात. प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या टोकाला फासा शिवलेला असतो. त्या आठही फाशांतून एक जाड दोर ओवायचा आणि भोपळ्याच्या पोटाखाली, फुगीर भागाच्या चांगलं खाली जिथे तो आत वळतो तिथे, गच्च आवळायचा. सगळी करामत या दोरात आहे. पट्टे वर ओढले गेले की दोर वर सरकायला बघतो, पण वर पोट रुंद असल्यामुळे त्याला सरकता येत नाही. जितकं वजन तितका तो घट्ट बसतो. दोर फुगीर भागाच्या मधोमध बांधला तर मात्र भोपळा खालून निसटणार.

पट्टे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते माल उचलायचे घ्या, गाडीवर सामान आवळायचे नको. उचलायच्या पट्ट्याला रंग ठरलेला असतो, जांभळा 1 टनाचा, हिरवा 2 टनांचा, आणि त्यावर क्षमतेची चिठ्ठी शिवलेली असते. चिठ्ठी नसेल, कडा उसवल्या असतील, उन्हात पडून रंग उडाला असेल तर तो पट्टा उचलायला वापरू नका. वायररोप आणि बारीक नायलॉन दोरी दोन्ही वर्ज्य, सालीत रुततात. पट्टे बकेटच्या दातांना अडकवायचे नाहीत. यंत्राला उचलायचा हूक किंवा त्यासाठी दिलेलं भोक असतं, तिथेच अडकवायचे.

हूक उंच ठेवा. हे माझं क्रेनखालचं जुनं दुखणं आहे, लोक पट्टे आखूड ठेवतात. दोन पट्ट्यांवर माल टांगला आणि पट्टे जवळजवळ उभे असले तर प्रत्येकावर निम्मा भार येतो. तेच पट्टे पसरून जमिनीशी 30 अंशांचा कोन करायला लागले की प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण मालाएवढा ताण येतो. शिवाय ते भोपळ्याचे खांदे दाबतात.

पण मला विचाराल तर जेसीबीपेक्षा बोअरची मोटर काढणाऱ्यांना बोलवा. त्यांच्याकडे तिपाई असते, 1 टनाची चेन पुली असते आणि मुख्य म्हणजे हळू उचलायची सवय असते. साखळी ओढली की भोपळा बोट-बोट वर येतो. हिसका बसत नाही. तिपाईचे पाय मऊ रानात रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली फळी द्या आणि तिन्ही पाय एकमेकांना दोराने बांधा, म्हणजे फाकणार नाहीत. भोपळा ट्रॉलीच्या उंचीपेक्षा थोडा वर घ्या आणि ट्रॉली मागे घेऊन त्याच्या खाली आणा. टांगलेला भोपळा घेऊन तिपाई हलवायची नाही. ट्रॉली आत येत असताना कुणी मध्ये उभं राहायचं नाही. झुलायला लागला तर हाताने अडवू नका, आधीच एक लांब दोरी बांधून ठेवा आणि दुरून धरा.

प्रश्न : आमच्या परसातले भोपळे पंधरा-वीस किलोचे होतात. सासूबाई साठीच्या, त्या वाकून उचलतात आणि माडीवर नेतात. मला बघवत नाही. माझीही कंबर धरते. काही युक्ती सांगा.
— एक वाचक भगिनी, तासगाव

ताई, तुमचं पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. 120 किलोचा भोपळा गावात एखादा, पण वीस किलोचा भोपळा घरोघरी बायका उचलतात आणि त्यावर कुणी लिहीत नाही.

वीस किलो लांब धरलं तर कंबरेला कित्येक पटींनी जड पडतं. म्हणून भोपळ्याच्या अगदी जवळ जायचं, पाय फाकवून, एक पाय थोडा पुढे. कंबरेतून नाही, गुडघ्यांतून खाली बसायचं. भोपळा आधी मांडीवर घ्यायचा, तिथे क्षणभर थांबायचं, मग पोटाशी कवटाळून मांड्यांच्या जोरावर उठायचं. वळायचं असेल तर पावलं वळवायची. भोपळा हातात आणि कंबर पिळलेली, यातच लचक भरते. साडीचा पदर आधी खोचून घ्या आणि पायात स्लीपर नको.

पण त्याहून सोपं म्हणजे माडीवर न्यायचाच कशाला? हवेशीर पडवीत, पोत्यावर, एकमेकांना न चिकटता ठेवला तरी पुरतो. वर न्यायचाच असेल तर कळशी ओढतो तसा पोत्यात घालून दोरीने वर ओढू नका, खाली कुणी उभं असलं तर जीवावर बेतेल. जिन्यावरून दोघांनी, मध्ये पोतं धरून न्या. जड बाजू खालच्या माणसाकडे येते, तिथे तुम्ही राहा, सासूबाईंना वर ठेवा. आणि लगेच वापरायचा असेल तर रानातच कापून दोन फोडी करा. घारग्यांना काही अख्खा भोपळा लागत नाही.

प्रश्न : मंगळवेढ्याकडून तंबोऱ्याचे भोपळे मिरजेला आणायचे आहेत. वजन काहीच नाही, पण दरवेळी एक-दोन फुटतात. मोठ्या भोपळ्याचे नियम इथे चालतील का?
— एक वाद्य कारागीर, मिरज

थोडेच. तुमचे भोपळे वाळलेले, पोकळ, हलके. त्यांना वजनाने इजा होत नाही, एकमेकांवर घासून आणि आपटून होते. प्रत्येकाला वेगळं बारदान किंवा जुनं धोतर गुंडाळा, मध्ये कडबा किंवा भाताचं पिंजर भरा, दोनच थर लावा. दोरीने वरून आवळू नका. गाडी भरताना ते हाताळायला तुमच्याच कारखान्यातला माणूस बरोबर ठेवा. हमालाला ती वस्तू भाजीची वाटते. तुम्हाला त्यात आधीच सूर ऐकू येतो.

प्रश्न : शाळेच्या परसबागेत पुढच्या वर्षी मुलांकडून मोठा भोपळा वाढवून घ्यायचा विचार आहे. लावतानाच काही काळजी घ्यावी का?
— एक शिक्षिका, पलूस

बाई, हा प्रश्न लावायच्या आधी विचारणारे तुम्ही पहिल्याच. बाकी सगळी पत्रं फळ जड झाल्यावर आली. मला या अंकात सांगायचं आहे ते हेच : भोपळा कसा उचलायचा हे काढणीच्या दिवशी ठरत नाही, फळ मुठीएवढं असतानाच ठरून जातं.

पहिली गोष्ट जागा. फाटकाजवळ, जिथे ट्रॉली किंवा टेम्पो मागे घेता येईल तिथे आळं करा. बागेच्या कोपऱ्यात लावला तर मुलांच्या कौतुकाचा भोपळा तिथेच कापावा लागेल.

दुसरी, फळ धरून ते मुठीएवढं ते नारळाएवढं होईपर्यंतच्या आठवड्यात त्याच्या खाली लाकडी पॅलेट सरकवा. कारखान्यांतून, दुकानांतून माल येतो त्याखाली असतं तसं. खाली दोन विटांची उंची द्या, म्हणजे पुढे काढणीच्या वेळी हातगाडीची जीभ किंवा लोखंडी पाईप त्याखाली जाईल. पॅलेटवर जुन्या रबरी पट्ट्याचा तुकडा किंवा जाड पोतं, त्यावर दोन-तीन बोटं वाळू. वाळूत भोपळा आपलं बूड करून घेतो, पावसाचं पाणी खाली साचत नाही आणि उंदरांनाही सहज कुरतडता येत नाही. मग काढणीच्या दिवशी भोपळा उचलायचाच नाही, पॅलेट उचलायचं. सगळी भीती तिथेच निम्मी होते.

तिसरी गोष्ट वेलीची. फळ फुगतं तसा त्याचा खांदा वर येतो आणि देठाला ताण बसतो. वेल प्रत्येक पेरावर मुळं धरतो. देठाच्या दोन्ही बाजूंची दोन-दोन पेरांवरची मुळं लहान असतानाच मोकळी करा, म्हणजे वेलीला वर उचलायला सैलपणा राहील. फळ लहान असताना ते रोज थोडं फिरवून देठ वेलीशी काटकोनात आणता येतो. मोठं झाल्यावर जमत नाही. पाणी नेमाने द्या. दहा दिवस कोरडं ठेवून एकदम पाट सोडला तर साल तडकते.

मुलांना रोज टेप लावायला सांगा. ही जात जोरात असताना एका दिवसात दहा-पंधरा किलोसुद्धा वाढते. आपल्या हवेत तेवढी वाढली नाही तरी टेपवर रोज फरक दिसतोच. वजनाचा अंदाज वहीत लिहीत गेलात तर कोणत्या दिवसानंतर मुलांनी त्याला हात लावायचा नाही हेही त्यांनाच कळेल. उचलताना मुलं कुंपणाबाहेर. यात सवलत देऊ नका.

प्रश्न : जगातला सर्वात मोठा भोपळा किती किलोचा? तो कुणी उचलला? मी सहावीत आहे.
— एक विद्यार्थी, सांगली

बाळ, 2023 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका माळ्याने, ट्रॅव्हिस गिएंगर यांनी, 1,247 किलोचा भोपळा कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत आणला होता. तो विक्रम 2025 मध्ये इंग्लंडच्या पॅटन नावाच्या जुळ्या भावांनी मोडला, 1,278.8 किलो. मार्केट यार्डात हळदीची 50 किलोची पोती पाहिली असशील. तशी 25 पोती एकावर एक रचली तरी हा भोपळा भारी ठरेल. एवढा भोपळा माणसं उचलत नाहीत. वर विट्याच्या काकांना सांगितला तसा पट्ट्यांचा साज घालून तो यंत्राने उचलतात.

या राक्षसी भोपळ्यांची 'अटलांटिक जायंट' ही जात कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या विंडसर गावच्या हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्याने तयार केली. त्याच गावात भोपळे कोरून त्यांच्या होड्या करायला आणि त्यांत बसून शर्यत लावायला माणसांनी सुरुवात केली. भोपळा पाण्यावर तरंगतो, कारण तो आतून पोकळ असतो. आम्ही लहानपणी कृष्णेत पोहायला शिकलो ते वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पाठीला बांधून. आजोबांना विचार, त्यांनी कोणत्या घाटावर बांधली होती.